पीटी ग्राउंडवरचा थर्मामीटर

औरंगाबादच्या छावणीतल्या हॉस्पिटलात माझं पोस्टिंग झालं, तेव्हा मी लेफ्टनंट होते. मिलिटरी नर्सिंगची तीन वर्षं झाली होती. करमाडला मेंढरांमागं हिंडलेली पोरगी खांद्यावर दोन स्टार लावून आपल्याच मुलखात आली, याचा तोरा मला होता. खोटं कशाला सांगू.

आदल्या हिवाळ्यात छावणीच्या ऑफिसातला एक क्लर्क न्यूमोनियानं गेला होता. माणूस भला होता, पण खुर्ची सोडून हलायचा नाही. त्याची तिरडी उचलायला हवालदार किसन गाडेकर होते. ते पीटी इन्स्ट्रक्टर, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. दुसऱ्याच सोमवारी सकाळी सहाला त्यांनी सगळे बाबूलोग ग्राउंडवर उभे केले.

हेड क्लर्क सुभेदार इनामदार कुरकुरले, "उस्ताद, आमची लढाई टाइपरायटरवर असते."

"साहेब, तुमचं पोट आधी पोचतं, तुम्ही मागून येता. दोघं एकदम पोचा, मग सोडतो."

रोज तीन मैल. आधी चालणं, मग हळू पळणं. वर्षभरात एकही सकाळ चुकली नाही. इनामदारांना विजारी कमरेत लहान करून घ्याव्या लागल्या. शिंप्याकडं उस्तादांनी कमिशन मागितलं, असं म्हणून सगळे हसायचे.

पुढच्या हिवाळ्यात तापाची साथ आली. बराकीच्या बराकी खोकत होत्या. इनामदारांना न्यूमोनिया झाला. चौथ्या दिवशी ऑक्सिजन लावला. मी दर दोन तासांनी नाडी बघत होते. सातव्या दिवशी ते उठून बसले आणि चहात साखर कमी आहे म्हणाले. मेजर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, अर्धं काम इंजेक्शनांनी केलं. अर्धं वर्षभराच्या चालण्यानं. गेल्या वर्षीच्या इनामदारांना हे झेपलं नसतं." त्या साथीत सकाळी चालणारे जे बाबू आजारी पडले, ते सगळे आपल्या पायांनी वॉर्डातून बाहेर गेले.

ताप उतरलेल्या इनामदारांना उस्ताद रोज संध्याकाळी पाच वाजता व्हरांड्यात चालवायचे. दहा पावलं, मग वीस. एका संध्याकाळी उस्तादांचे डोळे लाल दिसले.

"उस्ताद, कणकण आहे का?"

"नाय सिस्टर. धुळीनं व्हतंय."

"ताप बघू?"

"उस्तादच सिक रिपोर्ट करायला लागला, तर हे बाबू उद्या अंथरुणातून उठतील व्हय?"

मी हसले. थर्मामीटर माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी वॉर्डचा फोन वाजला.

"सिस्टर, पीटी ग्राउंड से. एक आदमी गिरा है."

"कौन?"

"उस्ताद."

स्ट्रेचर सहा मिनिटांत आलं. अंगाला हात लावला, तर चटका बसला. दोन दिवसांचा ताप अंगावर काढून ते रांगेच्या पुढं पळत होते. साडेआठला ते गेले. डॉक्टरांनी नीट समजावलं. रोजच्या मेहनतीनं शरीर साथीशी झुंजायला तयार होतं. पण ताप अंगात असताना पळलं, की तोच भार हृदयावर येतो. एवढ्या तगड्या माणसाच्याही.

इनामदार पलंगावरून उतरले. कुणाचा हात न धरता व्हरांडा ओलांडून आले आणि उस्तादांच्या पायाशी सावधान उभे राहिले. मी त्यांना बसा म्हणाले नाही.

आठवड्याच्या आत कमांडिंग ऑफिसरांनी माझी मागणी मंजूर केली. पीटीआधी फॉल-इन, म्हणजे सगळे रांगेत उभे, आणि कुणाला खोकला, कणकण असली की थर्मामीटर. पारा चढलेला असेल तो रांगेबाहेर. त्याला कुणी हसायचं नाही, हाही हुकूम. पहिला महिनाभर ग्राउंडवर मी स्वतः उभी राहिले. माझं पोस्टिंग संपेपर्यंत त्या ग्राउंडवर दुसरा माणूस असा पडला नाही. मेडल मला मिळालेली आहेत, पण मी सांगते ती ही गोष्ट.

आता माझे गुडघे बोलतात, तरी गल्लीतल्या बायकांना घेऊन रोज सकाळी सहाला निघते. आधी विचारते, "ताप कुणाला?" असेल तिला घरी धाडते. बरी झाली की तिच्या दारात जाऊन उभी राहते.

हवालदार किसन गाडेकर रांगेच्या पुढं पळताना पडले. त्यांच्या मागच्या रांगेतला एकूण एक बाबू पेन्शन घेऊन घरी गेला.