सव्वा मूठ गहू

श्रावणात कानबाई देवी बसण्याआधी माझ्या सासरी रोटांचे गहू काढतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या आणि मुलाच्या नावाने सव्वा मूठ. त्याच पिठाचे रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, होतात आणि ते फक्त कुळातल्या भाऊबंदांनी खायचे. पाहुण्याला, शेजाऱ्याला कणही द्यायचा नाही.

म्हणून यंदा जळगावहून धुळ्याला सासरी निघालो तेव्हापासून मी मनातल्या मनात मुठी मोजत होते. आमचा तीन वर्षांचा मुलगा दत्तक घेतलेला, आणि घरी आल्यापासूनची त्याची ही पहिलीच कानबाई. सासूबाई त्याचे लाड करत, मांडीवर घेऊन दूधभाकरी भरवत. पण लाड वेगळे आणि रोट वेगळे, हे मला कळत होतं.

त्यात धाकट्या जावेचं बाळ. आजारपणात तिचं गर्भाशय काढावं लागलं, म्हणून तिच्या पाचोऱ्याच्या मावसबहिणीने ते आपल्या पोटात वाढवलं. बीज जाऊ-दिरांचं, कूस तिची. जावेनेच तिला सणाला बोलावलं होतं, पण आल्यापासून बाळ तिच्या हाती काही दिलं नव्हतं. ते रडलं की ती बाई चटकन उठायची आणि पुन्हा खाली बसायची. मला ते बघवत नव्हतं.

सासूबाई सूप घेऊन बसल्या. सासऱ्यांची मूठ, माझ्या नवऱ्याची, दिराची. मग जावेच्या बाळाची, अगदी हसतमुखाने. तिथे हात थांबला.

"अक्का, नातू दोन आहेत," मी सासूबाईंना म्हणाले.

"माले बी माहीत शे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पन रोट भाऊबंदना शे. त्या बाळमा आपलं रगत शे."

माझं डोकं सणकलं. मी मावसबहिणीकडे बोट दाखवलं. "नऊ महिने ते हिच्या रक्तावर वाढलं. मग ही कोण? हिला का रोट नाही?"

जावेचा चेहरा पांढराफटक पडला. मावसबहीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिला असं सगळ्यांसमोर ओढायला नको होतं, पण मी थांबणार नव्हते.

"माझ्या मुलाची मूठ नसेल तर त्याच्या बापाचीही काढून घ्या. आम्ही आत्ताच निघतो."

नवऱ्याने आजवर आईपुढे ब्र काढला नव्हता. तो उठला, मुलाला उचलून घेतलं आणि सुपाशी जाऊन बसला.

"माय, हाऊ मना पोऱ्या शे," एवढंच म्हणाला.

मुलाने गव्हात दोन्ही हात खुपसले. सासूबाईंनी त्याचे हात अलगद बाजूला केले. मग त्याच्या नावाने सव्वा मूठ घेतली. मला रडू फुटलं.

कानबाईला निरोप देऊन आल्यावर सगळे रोट खायला बसले. माझा मुलगा आजोबांना खेटून मिटक्या मारत होता. त्या मावसबहिणीला मात्र बाहेर ओट्यावर वेगळं ताट वाढलेलं. मी हातातला घास ताटात ठेवला. माझ्या मुलालाही कुणीतरी पोटात वाढवलं असणारच. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणूनच मी तिचा विचार न करता सण साजरे करू शकते. जावेला तेवढीही सोय नव्हती. तिला तिची मावसबहीण दारातून दिसत होती.

मी रोटाचा तुकडा पदराआड लपवून बाहेर गेले. "खा," मी म्हणाले. "सगळ्यांत आधी तुझा हक्क आहे."

तिने हात मागे घेतला.

"नको ताई. रोट खाधा ते मी या घरनी व्हई जासू. मंग बाळले आठे सोडीसन पाचोराले कशी जाऊ?"

आत बाळ रडायला लागलं. या वेळी ती उठली नाही.