गाडीच्या जागेतला बाक

पहाटे फोन आला... शामकाका गेले. दवाखान्यात पोचायचं म्हणून मी किल्ली घेऊन बाहेर धावलो आणि घरासमोरच्या सिमेंटच्या बाकावर ती रोखून बटण दाबत राहिलो. बाक काही उघडेना. गाडी वर्षभरापासून मागच्या मैदानाजवळ उभी असते, हे मला गुडघा बाकावर आपटल्यावर आठवलं. काका असते तर पोट धरून हसले असते.

काका आमच्या गल्लीतले निवृत्त ड्राफ्ट्समन. उभा जन्म नकाशे काढण्यात गेलेला. गल्लीचा रस्ता नव्यानं करायचं ठरलं तेव्हा एक इंजिनिअर साहेब नकाशा घेऊन आमचं मत विचारायला आले. आम्ही माना डोलावून मोकळे झालो. मी तर नकाशा उलटा धरूनच "छान आहे" म्हणालो. काका म्हणाले, "साहेब, कागदावर कोणाले समजते? रस्त्यावरच काढू ना!" आणि रविवारी सकाळी, क्रिकेटच्या मैदानावर मारतात तशी चुन्याची फक्की मारून त्यांनी अख्खा नकाशा खऱ्या मापात रस्त्यावर उतरवला. लोक त्यावरून चालून पाहत, भांडत. काका पायानं रेघ पुसून नवी ओढत. फक्त बाकाचा चौकोन ते हलवेनात. आणि तो होता नेमका माझ्या गाडीच्या जागेवर! सोमवारी उजाडताच मी झाडूनं तो साफ केला. "वाऱ्यानं गेला असेल," मी म्हणालो. काकांनी माझ्या पांढऱ्या झालेल्या चपलांकडे पाहिलं. "हो गा अवी, वारा तुझ्या चपला घालून आला वाटते."

रागावले मात्र नाहीत. पुढच्या रविवारी मला गाडी काढायला लावली, तिच्याच मापाचा चौकोन आखला, आत खुर्च्या मांडल्या आणि गल्लीला चहाला बोलावलं. "पाह्य गा, तुझ्या गाडीत नऊ जण बसून राहिले, अन् पेट्रोलचा थेंब नाही!" सगळे खो-खो हसले. मीही, जरा उशिरा.

तेवढ्यात काकांच्या फाटकातून वत्सलाकाकू निघाल्या. गुडघ्यांपायी दोन वर्षं त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. वॉकर टेकत, बाजूला काका पावलं मोजत... माझ्या दारापर्यंत आल्या आणि दमून एका खुर्चीत टेकल्या. कोपऱ्यावरचं देऊळ तिथून अजून तेवढंच लांब होतं. चौकोन का हलत नव्हता, ते तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. साहेबांना फोन मीच केला, "बाक इथंच हवा."

मग रोज संध्याकाळी दोघं देवळाला जाता-येता तिथं बसत. मी दिसलो की काका ओरडत, "अवी, येतो का गा? सीट रिकामी आहे!"

परवा काकू एकट्याच आल्या. बाकाच्या एका टोकाला बसल्या, काकांची बाजू मोकळी ठेवून. मी खिडकीतून पाहत होतो. जावं तर बोलावं काय, सुचेना. बायको मागं येऊन उभी राहिली.

"माझी जागा, माझी जागा म्हणून भांडत होतात ना?" ती म्हणाली. "मग जा ना, बसा तिथं."