पॅच बदलायचा राहिला

आज धुळ्याला जाताना पारोळ्याला चहासाठी थांबले. अंगात ह्यांचं रायडिंग जॅकेट होतं. हे गेल्यापासून स्कूटरवर मी तेच घालते.

तेवढ्यात एक बुलेटवाला हसत जवळ आला आणि जॅकेटवर शिवलेल्या कापडी पॅचवर बोट ठेवून आपल्याकडे बोट दाखवत म्हणाला, “वहिनी, हाऊ पॅच मना शे! मागच्या राइडला मी अन् भाऊंनी अदलाबदल केली होती, पुढच्या भेटीत ज्याचा त्याला परत द्यायचा. भाऊ कुठं?”

त्याच्या जॅकेटवर ह्यांचा पॅच होता, मी धाग्याने भरलेलं केळीचं पान.

“भाऊ गेले,” मी सांगितलं. त्याने खिशातून चाकू काढला. मग तो स्वतःच्या जॅकेटवरच्या त्या पॅचचे टाके उसवू लागला.

“राहू द्या,” मी म्हणाले. पॅच परत आला असता, तर ह्यांची ठरलेली भेट कायमची संपली असती.

मैत्रिणींनो, त्याचा पॅच तरी त्याला द्यायला हवा होता का?