दादाच्या जीनचा कोट

वहिनींना जाऊन पाच आठवडे झाले आणि मी अजून एका जागी धड बसू शकलेली नाही. भाचीचा फोन आला तेव्हा मी भोकरदनला शाळेत हजेरी घेत होते. ‘‘आत्या, आई गेली...’’ एवढंच ती बोलली. मी उरलेली हजेरी पूर्ण केली. का केली ते विचारू नका. रडू येण्याआधी मला हाताला काम लागतं, आणि त्या कामाच्या नादात मी घोटाळे करून ठेवते.

कौसावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जीप चालवायचा आणि पन्नाशीतही जीनच घालायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. तेराव्याला त्याचे कपडे वाटून टाकले, तेव्हा वहिनींनी दोन जीन मागे ठेवल्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. मी भर पाहुण्यांत त्यांना झापलं. ‘‘कपडा हाय तो ताई, भूत न्हाई,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्या शांतपणाचा मला जास्तच राग आला. वर्षभर मी धावड्याला, दादाच्या घराची पायरी चढले नाही.

शेवटी मलाच राहवेना. गेले, तर ओसरीभर गावातल्या पोरांच्या फाटक्या जीनचा ढीग. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना सदरा चढवतात, पण उसाचं पातं सदऱ्यातूनही हात चिरतं. त्यांच्यासाठी वहिनी लांब बाह्यांचे कोट शिवत होत्या. ब्लेडनं शिवणी उसवायच्या, पँटीच्या पायाची बाही करायची. चार पदर एकावर एक आले की मशीनची सुई मोडते, म्हणून तो जोड आधी वरवंट्यानं ठेचायचा. ठेचताना सगळी ओसरी हादरायची. ‘‘आन् दादाच्या?’’ मी विचारलं. ‘‘हायेत. जल्दी काय हाय?’’ म्हणाल्या आणि पुन्हा ठेचायला लागल्या. भांडणाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही... माफी मागायची राहून गेली.

वहिनींच्या तेराव्याला मी कुणाचं ऐकलं नाही. त्यांच्या साड्या आणि मशीनजवळचे सगळे कोट गाठोड्यात बांधले आणि अंकुशनगरकडे तोडीला निघालेल्या बायांच्या ट्रकमध्ये स्वतः नेऊन टाकले. जेवणावळी उरकल्यावर भाची मशीनभोवती काहीतरी शोधू लागली. ‘‘आत्या, वरचा कोट कुठंय? पप्पांच्या जीनचा? आईनं तुझ्यासाठी शिवल्ता. सकाळी स्कूटीवर गारठती म्हणायची.’’

त्यानंतर मला झोप नाही, चव नाही. वर्गात मुलांवर उगाच खेकसत होते. मी वर्षभर न बोलल्याचं त्यांनी हे उत्तर शिवलं होतं आणि मी ते न बघताच देऊन टाकलं होतं. रविवारी एसटी पकडली आणि अंकुशनगरच्या बाजूला उसाचे फड विचारत फिरले.

तिसऱ्या फडात कोट दिसला. डाव्या बाहीवर ग्रीसचा मोठा डाग होता. जीपखालून निघाल्यावर दादा तिथंच, मांडीला हात पुसायचा. तो घातलेली बाई मला ओळखत होती. ‘‘कौसाक्काचा कोट, ताई. लई दिस झाले, हाताला ओरखडा न्हाई बघा.’’ मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिनं कोयता खाली ठेवला. ‘‘मंग तुमचाच हाय की. न्या.’’ आणि भराभर गुंड्या काढायला लागली.

मला तो कोट हवा होता. तिथं पोचेपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं. पण आतून तिचे हात बाहेर आले. कोपरापासून मनगटापर्यंत मागच्या हंगामांचे वण होते. मी बाहीवरच्या डागावर थोडा वेळ तळवा ठेवला. मग कोट तिच्या खांद्यावर परत चढवला आणि खालून एकेक गुंडी लावत आले. गळ्याजवळची काही केल्या जाईना.

‘‘कौसाक्काचं काज घट्टच ऱ्हातंय,’’ ती म्हणाली. ‘‘जरा जोर लावा ताई.’’

मी जोर लावला.