सन्माननीय व्यासपीठ आणि मामी

माईकवरच्या जुन्या स्पंजचा वास आला की मला मिरजगावची ती दुपार आठवते. मामांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता, म्हणून रेकॉर्डिंगचा छोटा प्रोग्रॅम लिहून मी लॅपटॉप आणि जुना माईक घेऊन गेलो. लाल बटण दाबताच मामा ताठ झाले. "सन्माननीय व्यासपीठ..." मामी करवादली, "अवो, हितं कुठलं व्यासपीठ? रोज बोलता तसं बोला की!" "रोजचं? सकाळी च्यात साखर घालायची इसरलीस, त्ये बोलू?" "इसरले न्हाई, तुमालाच गोड लई लागतं!" मग दोघांची अशी जुंपली की स्क्रीनवरची आवाजाची हिरवी पट्टी नाचतच राहिली. नंतर मी त्यातली मामीची वाक्यं काढून तिथे मोकळी जागा ठेवली. आता प्रोग्रॅम मामांचं एकेक वाक्य वाजवून थांबतो, मामी रोज नवं उत्तर देते, आणि शेजारी बसलेले मामा आवाज न करता हसतात.