दोन बोटं आणि चुन्याची डबी

गुरुवारी सकाळी सहाला पुण्याहून निघालो तेव्हा बायको गॅलरीतून म्हणाली, "म्हाताऱ्याला पैलवानाचे बूट घातलेत तुम्ही." ती हे गाडीबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, हे विचारायला मी थांबलो नाही. गेल्या महिनाभरात आम्हा दोघांवरची तिची टीका एकमेकांत पार मिसळून गेली होती.

गाडी माझ्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची. लाल रंगाची, दोन दारांची, छप्पर मागे दुमडणारी जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी. दाजी नांदेडला आयटीआयमध्ये शिकवायचे. ही गाडी त्यांनी भंगारातून उचलली आणि सुटीच्या दिवशी अहमदपूरच्या घराच्या अंगणात पत्रा ठोकून ठोकून तिला माणसात आणली. माणूस बोलायला काटकसरी, पण पिवळ्या ऑइलपेंटनं लिहायची भारी खोड. पाण्याच्या टाकीवर 'झाकण लावा', फ्रिजच्या पाठीवर 'भिंतीपासून एक वीत', गच्चीच्या बुटक्या दारावर नुसतंच 'डोकं'.

त्यांनी ताईला एक वचन दिलं होतं. "तू रिटायर होशील त्या दिवशी या गाडीतून तुला गावभर मिरवणार. तुझ्या आज्याला या रस्त्यानं पायात वहाण घालून जायची सोय नव्हती. नात उघड्या गाडीत बसून जाईल. बघणारे बघतील." तीन वर्षांपूर्वी दाजी गेले. ताई मला म्हणाली, गाडी तू ने, माझ्या डोळ्यापुढं नको. आणि गेल्या महिन्यात तिचा फोन आला. शनिवारी मुख्याध्यापिका म्हणून तिचा शेवटचा दिवस. "गाडी घेऊन ये," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

शहाण्या माणसानं गाडी पुसली असती आणि नेली असती. मी घरांचे नकाशे काढतो, त्यामुळे जगातली कुठलीही चांगली गोष्ट सुधारायचा मला हक्क आहे असं मला वाटतं. दाजींची साडेचार इंची रुंदीची बारीक चाकं उतरवून पुण्यातच माळ्यावर टाकली आणि मी सात इंची, चकचकीत चाकं बसवली. त्यावर टायर कोणते, याचा अभ्यास पंधरा दिवस केला. टायरवर तीन आकडे असतात. पहिला रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंचीचा, म्हणजे रुंदीच्या किती टक्के ते. तिसरा आतल्या चाकाचा, इंचात. दाजींचे टायर होते एकशे पासष्टचे, सडपातळ. मी आकडेमोड करून दोनशे पाच, पासष्ट, पंधरा असे घेतले. रुंदी रुबाबाची आणि उंची मूळ टायरइतकीच, म्हणजे वेगाचा काटा खोटं बोलणार नाही. कागदावर हिशोब इतका देखणा होता की तो फ्रेम करावासा वाटला.

लातूर येईपर्यंत गाडी लोण्यासारखी पळाली. लातुरात मुक्काम बंडूकडे, हा माझा कॉलेजातला मित्र. गावात शिरताना प्रत्येक भिंतीवरून डॉक्टर होऊ घातलेली मुलं क्लासच्या पाट्यांमधून माझ्याकडे बघत होती. त्यांना आकडेमोड येत असावी, कारण कुणीच हसत नव्हतं. बंडूनं गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "आडमाप (अवाढव्य) केलंस लेका." मी ते कौतुक समजलो.

संध्याकाळी ज्वारीची भाकरी, झुणका आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा खाऊन बंडूच्या घरच्यांना फेरी मारायची हुक्की आली. या गाडीत मागे सीट असून नसल्यासारखी. मिरवायचं तर मागच्या सपाट पत्र्यावर बसायचं आणि पाय सीटवर सोडायचे. बंडू, त्याची बायको आणि मेहुणी तिथं चढून बसले. पहिल्या गतिरोधकावर मागून खर्रर्र असा आवाज आला, दुसऱ्यावर जळक्या रबराचा वास आला आणि तिसऱ्याआधीच वहिनी खाली उतरल्या. "भाऊजी, तुमच्या गाडीला माणसं सोसंना झालीत," त्या म्हणाल्या.

खाली वाकून पाहिलं. टायर मडगार्डच्या काठाला घासून त्याची कड सोलली होती. एकटा मी बसलो की मध्ये भरपूर जागा, मागे तिघं बसले की जागा संपली. पंधरा दिवसांच्या अभ्यासात गाडीत माणसंही बसतात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि परवा तिथंच ताई बसणार होती, तिच्या दोन सहकारी शिक्षिकांना घेऊन.

शुक्रवारी सकाळी लातुरातल्या एका टायरवाल्यानं दोन मिनिटांत निकाल दिला. "पत्रा कापू. चार बोटं. दिसणारबी न्हाई."

"कापायचा नाही."

"मग बायामाणसं नका बसवू."

दोन्ही उपाय मला मान्य नव्हते. तो पत्रा दाजींनी हातानं ठोकला होता. आणि बाई बसवायचीच नसेल तर गाडी तरी कशाला आणली? मग आठवलं, दाजी म्हणायचे, "नांदेडात माझा एक विद्यार्थी टायरचं काम करतो. वाघमारे. गाडीला हात लावू द्यायचा तर त्यालाच." लगेच निघालो.

लातूरहून नांदेडला जायचं तर अहमदपूर ओलांडावं लागतं. ताईला हा घोटाळा कळू द्यायचा नव्हता. लाल उघड्या गाडीतून गुपचूप जाण्याचा प्रयत्न मी केला, म्हणजे चष्मा लावला आणि मान खाली घातली. एसटी स्टँड मागे पडून पाच मिनिटं झाली नाहीत तोच फोन वाजला.

"दीपक, गावातून गेलास म्हणं. चहा न घेता?"

"कुणी सांगितलं?"

"सात जणांनी. कुठं चाललास?"

"नांदेडला. जरा... हवा भरायला."

"अहमदपुरात हवा संपली का?" असं म्हणून तिनं फोन ठेवला. शाळेत इतकी वर्षं थापा ऐकलेल्या बाईला थाप मारणं म्हणजे आपलीच शोभा.

नांदेडात वाघमारेंचं दुकान भोकरच्या रस्त्याला लागताना आहे. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल, तोंडात तंबाखू. गाडी ओळखून ते आधी गाडीला हात लावून आले, मग मला म्हणाले, "जय भीम साहेब." मग चाकांकडे पाहिलं आणि तंबाखू थुंकून आले.

"हे काय करून ठेवलंत साहेब? सरांच्या गाडीचा पार इस्कोट (नासधूस) केला की."

मी खिशातून आकडेमोडीचा कागद काढला. त्यांनी तो आदरानं घेतला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली ठेवला. मग खिशातून चुन्याची डबी काढून तंबाखूत मळायचा तो चुना बोटानं मागच्या दोन्ही टायरांच्या कडांना फासला. "आता माणसं बसवू. जिथं घासंल तिथं पत्र्याला चुना लागंल. कागद खोटं बोलंल, चुना न्हाई बोलत."

बसवायला माणसं जमवणं सोपं गेलं. शेजारचा हॉटेलवाला, वाघमारेंचा मेहुणा आणि भोकरला जायला जीप भरायची वाट बघत बसलेला एक अनोळखी गृहस्थ. तिघंही पत्र्यावर नवरदेवाच्या थाटात बसले. फेरी मारून आलो तर मडगार्डचा आतला काठ दिवाळीला सफेदी केल्यासारखा पांढरा. भोकरचे गृहस्थ आणखी एक फेरी मागत होते.

"ताईंचं वजन किती असंल?" वाघमारेंनी विचारलं. "त्या हिशोबानं माणसं बसवावी लागतील."

मला माहीत नव्हतं. फोन लावला.

"ताई, तुझं वजन किती?"

"कशाला? पोत्यात घालून न्यायचीय का मला?"

"गाडीसाठी लागतं."

"अठ्ठ्याहत्तर. आणि ऐक. त्यांनीबी एकदा असंच विचारलं होतं, भर जेवणात. मी दोन दिवस बोलले नव्हते. तुझ्याशी उद्यापुरती बोलीन."

वाघमारेंनी जॅक लावून मागचं डावं चाक काढलं. आतल्या पत्र्यावर चिखलाचा थर होता, तो पाण्यानं धुतला. आणि हातातली बादली खाली ठेवून ते म्हणाले, "साहेब, हिकडं या."

आत, जिथं कुणी कधी बघणार नाही अशा जागी, पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं: '१६५. मागं ही ७२ + दोघी. चुना लागला न्हाई. दोन बोटं शिल्लक.'

आम्ही दोघं तिथं उकिडवे बसून राहिलो. दाजींनी मिरवणुकीची तालीम कधीच करून ठेवली होती. भर जेवणात वजन विचारलं ते यासाठी. ते बायकोला सांगितलं नाही, पत्र्याला सांगितलं. वाघमारेंनी बाहीनं डोळे पुसले. "चुन्याचं सरांनीच शिकवलं आम्हाला," ते म्हणाले.

पुढचं काम त्यांनी मला विचारून केलं नाही. सात इंची चाकाला फार बारीक टायर चालत नाही, तो काठावरून निसटायची भीती. रुंद घ्यावा तर घासतो. त्यांनी आतून एकशे पंच्याण्णव, साठ, पंधराचे चार टायर काढले. रुंदीला सेंटीमीटरभर कमी, उंचीला तीन सेंटीमीटर कमी. "सात इंचाला हा शेवटचाच. काठावर पास," ते म्हणाले. हे टायर गावातल्या कुठल्याही साध्या घरगुती गाडीला असतात. माझ्या रुबाबाची तिथं राख झाली आणि मला मोप (खूप) बरं वाटलं.

पुन्हा चुना, पुन्हा तिघं. अठ्ठ्याहत्तर भरायला हॉटेलवाल्याच्या मांडीवर साखरेची पिशवी दिली. गतिरोधकावरून तीनदा गेलो. पत्रा कोरा. वाघमारेंनी टायर आणि पत्रा यांच्यात दोन बोटं घातली. ती गेली, पण कष्टानं.

शनिवारी दहाला अहमदपुरात शाळेसमोर गाडी लावली. मुलींचं लेझीम, हलगी, गुलाबाच्या पाकळ्या. मागून वाघमारे मोटारसायकलवर जॅक बांधून आले होते, भरवसा म्हणून. आल्या आल्या त्यांनी टायरांना पुन्हा चुना फासला. ताई निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आली. गाडीला तिनं हात लावला नाही, नुसती चढली आणि दोघी शिक्षिकांच्या मधोमध पत्र्यावर बसली. तेवढ्यात शाळा समितीचे एक सदस्य पुढं आले. शंभर किलोच्या पुढचा ऐवज. फेटा सावरत त्यांनी एक पाय गाडीत टाकला.

"मागं जागा नाही," मी म्हणालो.

"अहो, मोप जागा हाय," असं म्हणून त्यांनी दुसरा पाय उचलला. गाडी त्या बाजूला खचली. वाघमारे माझ्याकडे बघायला लागले आणि मी वाघमारेंकडे.

ताई वरून म्हणाली, "तुम्ही मागं कसं बसता? मिरवणुकीच्या पुढं चालायला मोठं माणूस लागतं." गृहस्थ खुलले, उतरले आणि भर उन्हात दीड तास हलगीच्या पुढं चालले. मुख्याध्यापिका उगाच होत नाही कुणी.

स्टँडसमोरचा गतिरोधक मी श्वास रोखून ओलांडला. काही घासलं नाही. दोन्ही बाजूंनी लोक उभे होते, दुकानांच्या पायऱ्यांवर, एसटीच्या खिडक्यांतून. ताईनं कुणाला हात केला नाही. ती सरळ बसली होती आणि बघणारे बघत होते. मला आरशातून ती दिसत होती, आणि मी रडत गाडी चालवत होतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

परत शाळेत आल्यावर वाघमारेंनी लिंबाखाली जॅक लावला. "ताई, सरांचं अक्षर दाखवायचं राहिलंय." चाक निघालं, पत्र्याला चुन्याचा ठिपकाही नव्हता. ताई हारांसकट खाली वाकली आणि पेपर तपासावा तसं ते वाचलं.

"बहात्तर?" ती म्हणाली. "मी तर सत्तर सांगितलं होतं."

तिनं पत्र्यावर हात ठेवला, आणि तो तिथंच राहू दिला.

"दोन किलो मी कमीच सांगते, हे माहीत होतं ह्यांना."

मग ती रडली. हलगीवाले आवरत होते, तेही थांबले. बऱ्याच वेळानं तिनं शिपायाला शाळेच्या पाट्या रंगवायचा डबा आणायला सांगितला. पिवळा नव्हता, पांढरा मिळाला. वाघमारेंनी सांगितलं तसं मी दाजींच्या ओळीखाली लिहिलं: '१९५/६०. ताई ७८ + दोघी. चुना लागला न्हाई.' ताईनं ब्रश माझ्या हातातून घेतला, ७८ वर काट मारली आणि शेजारी ८० लिहिलं.

रविवारी पुण्याला निघालो. टायर बुटके झाल्यानं काटा आता साठ दाखवतो तेव्हा गाडी सत्तावन्ननं चालते. थोडी फुशारकी तिच्यात राहिली, मालकाची म्हणून. वाटेत विचार करत होतो की पंधरा दिवस मी रुंदी, उंची, टक्के सगळं मोजलं, फक्त गाडीत कोण बसणार हे मोजलं नाही. दाजींनी तेवढंच मोजलं होतं.

घरी पोचलो तर बायको खाली आली. चाकांकडे बघून म्हणाली, "बूट बदललेत वाटतं."

मी म्हणालो, "तुझं वजन किती गं?"

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाली, "चौसष्ट."

मी मनातल्या मनात दोन मिळवले.