काजळाचे अंगठे

“हिला पाणी नळातून येतं एवढंच ठाऊक असणार. इंग्रजी शाळेतली दिसते.”

दाराबाहेर कुणीतरी आमच्या शिपायाला सांगत होतं. माझा टाइपरायटर थांबला तसं आपलं बोलणं आत पोचल्याचं त्या माणसाच्या लक्षात आलं, आणि दारातून एक डोकं आत डोकावलं. खाकी शर्ट, पिकलेली मिशी, हातात बोटाएवढी जाड लोखंडी सळई.

“रागावलीस गो बाय?”

मी मान हलवली. रागावले नव्हते. ते म्हणाले ते खरंच होतं.

तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. त्यांना नाही तर त्यांच्यासारख्या कुणाला. रस्त्याच्या कडेचं झाकण उचलून, छातीइतक्या उंचीची चावी आत सोडून ती गोल गोल फिरवणारा पालिकेचा माणूस. त्याने चावी फिरवली की गल्लीत पाणी येतं. आपण बादलीकडे बघतो, त्याच्याकडे बघत नाही.

मी त्यांना आधी एकदा पाहिलं होतं, आमच्या मुलुंडच्या बाल्कनीतून. बिल्डिंगला तीन दिवस पाणी नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्यावर ओरडत होते. त्यांनी एक बोट वर केलं आणि म्हणाले, “थांबा. ऐकू दे.” मग सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा तेच. चौथ्या वेळी म्हणाले, “हितं फुटलंय.” खणलं तर तिथेच फुटलं होतं. माझ्या आईने त्यांना चहा दिला, दाराबाहेर, वेगळ्या कपात. त्यांनी कप विसळून उंबऱ्याशी पालथा ठेवला. मी आतून बघत होते.

ते आमच्या ऑफिसात यायचे ते मात्र मुलुंडच्या पाण्यासाठी नव्हे. आमची छोटी संस्था होती, पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या. डोंगरातल्या वाड्यांना पाणी, झाडं, शाळेचं छप्पर अशी कामं संस्था करायची. मदत परदेशातून यायची, म्हणून अहवाल इंग्रजीत जायचे, आणि ते टाइप करायला मी होते. मला लोकांशी बोलावं लागणार नाही, एवढ्यासाठीच मी ती नोकरी धरली होती.

त्यांची वाडी सह्याद्रीच्या उतारावर होती. गाडीरस्ता खाली संपायचा, पुढे दीड तास चढ. वाडीतले पुरुष सगळे भांडुपला. काही कापडगिरण्यांतले, संपानंतर मिळेल ते काम करणारे, काही साकीनाक्याच्या कारखान्यांत. वर वाडीत बायका आणि म्हातारे. पण वाडीचे निर्णय व्हायचे भांडुपला, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात. नारळ फुटायचा, ठराव व्हायचा, सह्या व्हायच्या, आणि ठरावाचा कागद एसटीच्या कंडक्टरबरोबर वाडीला जायचा. अशी मंडळं तुमच्या ओळखीची असतील. ते या मंडळाचे चिटणीस होते.

“चाळीस सह्या,” ते मला एकदा म्हणाले. “आणि एकानं तरी वीस वर्षांत कळशी उचललीय काय? मी धरून.”

वाडीला पाणी एका झऱ्याचं. कातळाच्या फटीतून येणारं. चैत्र-वैशाखात एवढं बारीक, की करवंटीने भरून घ्यावं लागे. आमच्या इंजिनिअरने योजना केली होती: फटीला सुरुंग लावायचा, झरा मोठा करायचा, आणि तिथून वाडीपर्यंत पाइप. मंडळाने ठराव केला. सगळे खूश होते.

एकटे तेच म्हणाले, “थांबा. ऐकू दे.”

रजा काढून ते वाडीला गेले. पुरुषांसमोर बायका सभेत तोंड उघडत नाहीत हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी सभा घेतलीच नाही. आपले कपडे घेऊन ते झऱ्यावर जाऊन बसले आणि दोन दिवस धुणं धुतलं.

“बायका हसून हसून मेल्या,” ते सांगत होते. “एक म्हणते, भावोजी, मुंबैत साबण मिळत नाय काय? दुसरी म्हणते, घरात भांडण झालं वाटतं. तिसऱ्यांदा तोच शर्ट धुवाया काढला तेव्हा कुठं बोलाया लागल्या.”

त्या जे बोलल्या ते त्यांनी तिथेच बसून वहीच्या जोडपानावर लिहून घेतलं. शाई नव्हती. एकीने काजळाची डबी आणली. खाली एकोणीस अंगठे उमटले, त्यातला एक त्यांच्या बायकोचा. ती जन्मभर वाडीतच राहिली होती.

ते पान त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. माझं मराठी वाचन हळू. त्यांनी घाई केली नाही. पत्रात होतं: खालच्या वाडीचा झरा रस्त्याच्या कामात सुरुंगाने गेला, तो परत आला नाही. आमच्या कातळाला हात लावू नका. कुणी भरत नसलं तरी पाणी वाहतच असतं, ते खाली वाया जातं. तिथे झाकणाची टाकी बांधा आणि टाकीतून पाइप घ्या. दगड आम्ही वाहू. झऱ्याच्या डोक्यावरची झाडं तोडायला मुंबईवाल्यांनी परवानगी देऊ नये. आणि टाकीची चावी दोन बायकांकडे असावी, एक वरच्या आळीतली, एक खालच्या.

“चावीचं मी घातलं,” ते म्हणाले. “चावी हातात आली की माणूस बिघडतो बाय. मी बघितलंय. मला लोक चहा पाजतात, शिव्या पण घालतात, आणि दोन्हीनं हात वळतो. म्हणून दोघींकडं द्यायची.”

“मंडळ काय म्हणालं?” मी विचारलं. मी स्वतःहून विचारलेला तो बहुधा पहिलाच प्रश्न.

“म्हणाले, मग आम्ही काय करायचं? म्हटलं, तुम्ही भांडुपला बसा, नारळ फोडा.” ते बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, “तू ह्याचं इंग्रजी कर. अहवालाला जोड. तिकडचे लोक वाचतील. तुमचे सर वाचतील काय, मला ठाऊक नाय.”

मी त्याच दुपारी भाषांतर केलं. चांगलं झालं होतं. संस्था चालवणाऱ्या सरांना दाखवलं.

सर वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते. निवृत्त प्राध्यापक, साधे, कुणावर आवाज न चढवणारे. त्यांनी दोनदा वाचलं. “सुंदर पत्र आहे,” ते म्हणाले. “पण योजना मंजूर झालीय. आता बदल म्हटला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, एक उन्हाळा जाईल. तहानलेल्या माणसांना थांबवायचं का? हे पुढच्या टप्प्यात बघू. तूर्त जोडू नकोस.”

मी ‘बरं’ म्हटलं. जागेवर जाऊन अहवालाचं शेवटचं पान टाइप केलं. प्रत्येक अहवालात ते एक वाक्य असायचं: ग्रामस्थांशी चर्चा झाली असून त्यांची पूर्ण संमती आहे. माझी बोटं ते न बघता टाइप करायची. तेव्हाही केलं. मला काही वाटलं नाही. पत्राचं पान मी ड्रॉवरमध्ये ठेवलं. बोटांना काजळ लागलं होतं, ते रुमालाला पुसलं.

आठवड्याने ते आले. दारातूनच विचारलं, “घातलंस ना बाय?”

मी मान डोलावली.

मानच डोलावली, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. तोंडाने तर काही बोलले नव्हते.

दिवाळीनंतर सुरुंग लागला. पहिले दोन महिने पाणी भरपूर आलं. हार घातलेल्या नळाचा फोटो आला, तो मी अहवालात चिकटवला. फोटोत मंडळाचे लोक होते, सर होते. बायका कडेला, अर्ध्या कापलेल्या. ते कुठेच नव्हते.

शिमग्याला भांडुपचे सगळे वाडीला गेले. परत आल्यावर ते ऑफिसात आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. सळई भिंतीला टेकवून उभे राहिले.

“गेलं,” ते म्हणाले. “पाणी खाली उतरलं, कुठं गेलं कुणाला ठाऊक. बायका आता दरीतल्या पाण्यावर जातात. उतरायला तास, चढायला दोन. सळई नेली होती मी. कातळाला लावून ऐकलं. आत काय नाय.”

गिरणी चालू होती. जमीन बारीक थरथरत होती. मी टाइपरायटरच्या अक्षरांकडे बघत बसले.

“आमचं पत्र पोचलं होतं ना तिकडं?”

“हो,” मी म्हणाले. या वेळी तोंडाने.

त्यांनी ऐकून घेतलं. पाइपवर सळई टेकवून ऐकायचे तसे, डोळे अर्धे मिटून. मला वाटलं, यांना आता कळणार. जमिनीखालचं फुटलेलं ज्यांना ऐकू येतं, त्यांना एवढं कळणारच.

“मग झालं,” ते म्हणाले. “त्यांनी ऐकलं नाय. तुझा काय दोष? तू तुझं केलंस.”

आणि जाता जाता पिशवीतून काढून एक पुडी ठेवली. वाडीची काजूबोंडं होती, सुकवलेली. मी ती घरी नेली. आईने विचारलं कुणी दिली. ऑफिसमधल्या एकाने, मी सांगितलं. मी खाल्ली नाहीत.

त्यानंतरही ते येत राहिले. मंडळाचे अर्ज माझ्याकडून इंग्रजीत करून न्यायचे, मला ‘इंग्रजीवाली’ म्हणून चिडवायचे. एकदा म्हणाले, “रिटायर झालो की वर जाऊन बसणार. खाली एक दुसरी फट आहे, लहान आहे, पण आत चालू आहे. तिच्या डोक्यावर झाडं लावायची. बायका तयार आहेत. दहा-पंधरा वर्सं लागतील, लागू देत.” मी हं म्हटलं. दर वेळी ते आले की मी ठरवायचे, आज काकांना सांगायचं. दर वेळी त्यांची सळई जिना उतरताना वाजायची आणि मी पुढचा कागद लावायचे.

रिटायर व्हायला चार महिने असताना ते गेले. कामावर, सकाळी, झाकणापाशी. मंडळाचं पोस्टकार्ड ऑफिसात आलं, त्यावर तारीख आणि शोकसभेची जागा. मी ते फाइलला लावलं. त्या दिवशी चार पत्रं टाइप केली, एकही चूक झाली नाही.

शोकसभा भांडुपच्या शाळेतल्या त्याच वर्गात होती. बाक लहान मुलांचे, गुडघे वर येत होते. फळ्यावर बेरजांच्या वर त्यांचा फोटो टेकवला होता. सर आले होते, म्हणून फाइल घेऊन मीही. ड्रॉवरमधलं पान मी सकाळी पर्समध्ये का टाकलं ते मला सांगता येणार नाही. काही ठरवलेलं नव्हतं.

दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर अध्यक्षांनी पुढचा विषय काढला. सगळे जमलेच आहेत तर ठराव करून घेऊ. वाडीत खालची एक फट आहे, तिला नीट सुरुंग लावला तर पाण्याचा प्रश्न सुटेल. इंजिनिअरने पाहिलंय. सर म्हणाले, “मागची चूक या वेळी होणार नाही. ग्रामस्थांची संमती आहेच, असं धरून चालू.”

मागच्या बाकावर त्यांची बायको बसली होती. बारीक, काळी, डोक्याच्या मधोमध केस विरळ झालेले, कळशीखाली चुंबळ ठेवून ठेवून होतात तसे. ती बसूनच म्हणाली, “ती फट फोडू नुका.”

“वहिनी, आधी ठराव होऊ दे,” अध्यक्ष म्हणाले.

“मग लिहून द्या ना,” कुणीतरी म्हणालं. “बायकांनी लिहून द्यावं.”

“दिलं की मागं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “अंगठे दिले. हे म्हनाले, त्या पोरीनं इमानानं घातलं, तिकडच्यांनी ऐकलं नाय. मंग आता परत कशाला अंगठं काळं करायचं?”

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. ती पोरगी म्हणजे मी, हे तिथे सरांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. सर फाइलकडे बघत होते. अध्यक्षांनी ठरावाचा कागद पहिल्या बाकावर सरकवला आणि पेनचं टोपण काढलं.

मी उभी राहिले. बाक मागे सरकल्याचा आवाज झाला. पर्स उघडायला वेळ लागला. पानाची घडी मोडली तेव्हा काजळ पुन्हा बोटांना लागलं, इतक्या दिवसांनीही.

“थांबा,” मी म्हणाले. “ते पत्र गेलंच नाही. मी घातलं नाही, आणि काकांना घातलं म्हणून सांगितलं. हे बघा, इथे आहे. मी वाचून दाखवते. मी हळू वाचते, पण सगळं वाचेपर्यंत कुणी सही करू नका.”